किब्ल्याची रेघ आणि सपाट नकाशा : अबू रैहान अल-बिरुनी यांची जीवनकथा

मोबाइलवर नकाशा उघडायचा, मुंबईपासून मक्केपर्यंत बोटाने सरळ रेघ ओढायची आणि ती रेघ ज्या बाजूला जाते तोच किब्ला समजायचा, असा सोपा मार्ग हल्ली अनेक जण धरतात. मग मशिदीच्या मेहराबची दिशा या रेघेशी जुळत नाही आणि वाद सुरू होतो. तरुण म्हणतात, जुन्या लोकांनी भिंत चुकीची बांधली. बुजुर्ग म्हणतात, मोबाइलवर भरवसा ठेवून नमाज होते का? काही ठिकाणी तर यावरून बोलणंच बंद होतं.

खरं पाहिलं तर नकाशावरची ती सरळ रेघच फसवी असते. होकायंत्रावर उत्तर म्हणजे शून्य अंश आणि पश्चिम म्हणजे २७० अंश. मोबाइलच्या नेहमीच्या नकाशावर मुंबईहून मक्केला सरळ रेघ ओढली तर ती सुमारे २७४ ते २७५ अंशांवर जाते. पण पृथ्वी गोल आहे हे धरून हिशेब केला तर मुंबईचा किब्ला सुमारे २८० अंशांवर येतो. म्हणजे पाच-सहा अंशांचा फरक. दहा मीटर लांबीच्या सफेचं एक टोक त्यामुळे जवळजवळ एक मीटर पुढे-मागे होतं.

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना काय बिघडतं आणि ते बिघडलेलं ओळखायचं कसं, यावर हजार वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्य घालवलं. अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव अल्बेरुनी म्हणून एका ओळीत येतं आणि संपतं. मुलांना वाटतं, हिंदुस्थानावर पुस्तक लिहिणारा कुणी परदेशी प्रवासी असेल. आपण आज त्यांची ओळख जरा नीट करून घेऊ.

सतरा वर्षांचा मुलगा आणि सूर्याची उंची

बिरुनी यांचा जन्म ३ जिल्हिज्जा ३६२ हिजरी, म्हणजे सप्टेंबर ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतात झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेला, अमू दर्या नदीच्या काठचा हा मुलूख. काथ ही त्याची तेव्हाची राजधानी. आज ही जागा उझबेकिस्तानात आहे आणि तिथल्या गावाला त्यांच्याच नावावरून बेरुनी म्हणतात. फारसीत ‘बिरून’ म्हणजे बाहेर. शहराच्या बाहेरच्या वस्तीतला म्हणून बिरुनी, असं या नावाचं स्पष्टीकरण देतात.

त्यांना उस्ताद फार मोठे लाभले. अबू नस्र मन्सूर हे ख्वारिज्मच्या राजघराण्यातले शहजादे आणि त्या काळातले अव्वल गणिती. त्यांच्या हाताखाली बिरुनी भूमिती आणि खगोल शिकले. सतरा वर्षांचे असताना त्यांनी अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या खुणा असलेलं एक कडं घेऊन दुपारच्या सूर्याची उंची मोजली आणि त्यावरून काथचे अक्षांश काढले. आपल्याकडे या वयाची मुलं बारावीच्या क्लासला जातात.

पुढे त्यांनी सुमारे दहा हात व्यासाचा एक अर्धगोल बनवून घेतला. त्यावर गावांच्या जागा मांडायच्या, दोन गावांमधलं अंतर आणि दिशा थेट गोलावरच मोजायची, असा त्यांचा बेत होता. लांबलचक आकडेमोड वाचली असती. पण ९९५ मध्ये ख्वारिज्मच्या दोन घराण्यांत युद्ध पेटलं. उस्तादांच्या घराण्याची सत्ता गेली आणि बावीस वर्षांच्या बिरुनींना सगळं टाकून पळावं लागलं.

त्यानंतरची काही वर्षं हलाखीची गेली. ते रय शहरात, आजच्या तेहरानजवळ, राहिले. तिथल्या एका सधन ज्योतिषाने त्यांच्या फाटक्या अवस्थेकडे बघून त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं होतं. नंतर दिवस पालटले तसा तोच माणूस दोस्तीने वागू लागला. ही हकीकत बिरुनींनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आपलं म्हणणं तेच होतं, फक्त अंगावरचे कपडे बदलले होते, हे त्यांच्या चांगलंच लक्षात राहिलं.

एक ग्रहण, दोन शहरं

अक्षांश काढणं त्या काळीही सोपं होतं. सूर्याची किंवा ध्रुवाची उंची मोजली की झालं. खरी अडचण रेखांशाची. पूर्व-पश्चिम अंतर आकाशात बघून कळत नाही, कारण सूर्य सगळ्यांकडे उगवतो आणि सगळ्यांकडे मावळतो. फरक फक्त वेळेचा. आणि तेव्हा दोन शहरांतल्या घड्याळांची तुलना करायला ना तार होती ना फोन.

मे ९९७ मध्ये चंद्रग्रहण होतं. बिरुनी तेव्हा काथमध्ये होते. बगदादमध्ये अबुल वफा हे मशहूर खगोलशास्त्रज्ञ होते. दोघांनी आधीच ठरवून ते ग्रहण आपापल्या शहरातून पाहिलं आणि वेळा नोंदवल्या. चंद्रग्रहण जिथून जिथून दिसतं तिथे सगळीकडे एकाच क्षणी दिसतं, म्हणून स्थानिक वेळेतला फरक हाच दोन शहरांमधला फरक. तो आला सुमारे एक तास. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. तेवढे काथ आणि बगदादचे रेखांश वेगळे. एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन माणसांनी चंद्राचं घड्याळ करून हे मोजमाप पार पाडलं.

याच सुमारास त्यांनी वेगवेगळ्या कौमांच्या कॅलेंडरांवर आणि सणांवर मोठा ग्रंथ लिहिला. तरुण इब्न सिना यांच्याशी पत्रांतून त्यांचा कडक वादही झाला. विषय होता ॲरिस्टॉटलचा. बिरुनींचा स्वभाव असा की नाव कितीही मोठं असो, दलील पटली नाही की प्रश्न विचारायचाच.

गोलाला सपाट करायचं कसं?

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. संत्र्याची साल अखंड काढून टेबलावर पसरून बघा. ती कुठेतरी फाटेल, नाहीतर कुठेतरी ताणावी लागेल. गोल पृष्ठभाग सपाट करताना काहीतरी बिघडणारच. मग काय बिघडू द्यायचं आणि काय सांभाळायचं, हे आधी ठरवावं लागतं. याच कामाला नकाशाशास्त्रात प्रक्षेपण म्हणतात.

बिरुनींनी या विषयावर एक स्वतंत्र रिसाला लिहिला. तारामंडळं आणि मुलूख सपाट कसे करावेत, असा त्याचा विषय. त्यात त्यांनी एकच पद्धत खरी आणि बाकी खोट्या, असं केलं नाही. एकामागून एक पद्धती घेतल्या आणि प्रत्येकीत काय टिकतं, काय मोडतं हे तपासलं. एका पद्धतीत वर्तुळं वर्तुळंच राहतात, पण मध्यापासून दूर गेलं की आकृती फुगत जाते. दुसरीत कडेचा भाग दाबला जातो. आणखी एका पद्धतीला खरबुजावरून नाव पडलं होतं. त्यात ध्रुव मध्यभागी ठेवून तिथून प्रत्येक जागेचं अंतर आणि दिशा बरोबर ठेवतात.

त्यांनी स्वतःही एक पद्धत सुचवली. अर्धा गोल एका वर्तुळात बसवायचा, मधली उभी आणि आडवी रेघ समान भागांत वाटायची आणि बाकीच्या रेघा वर्तुळाच्या कमानींनी काढायच्या. दिसायला सुबक, काढायला सोपी. पुढे साडेसहाशे वर्षांनी, १६६० मध्ये, युरोपात निकोलोसी यांच्या नकाशांतून हीच पद्धत पुन्हा पुढे आली आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आपल्या मोबाइलमधला नकाशा मात्र वेगळ्याच पद्धतीचा आहे. १५६९ मध्ये मर्केटर यांनी जहाजवाल्यांसाठी एक नकाशा केला. त्यात कोन सांभाळले आहेत. होकायंत्राचा काटा एकाच अंशावर ठेवून जहाज जो मार्ग कापेल तो त्या नकाशावर सरळ रेघ दिसतो. पण त्यासाठी उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्रदेश ताणावे लागले. म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढं भासतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. ध्रुव तर या नकाशावर मावतच नाहीत. इंटरनेटवरचे नकाशे ८५ अंशांच्या जरा पुढे कापून टाकतात, त्यामुळे सगळी दुनिया एका चौकोनात बसते आणि छोट्या चौकोनी तुकड्यांत पटापट दाखवता येते.

गल्ली, रस्ता, वळण बघायला हा नकाशा उत्तम. किब्ल्यासाठी नाही. नागपूरचं उदाहरण घ्या. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या थोडे पुढे. मोबाइलवर रेघ ओढली तर ती नाकासमोर पश्चिमेला जाते. पण पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर तो आधी उत्तरेकडे थोडा झुकतो, मग खाली येतो. नागपूरचा किब्ला सुमारे २७८ अंशांवर आहे, म्हणजे पश्चिमेपासून आठेक अंश उत्तरेकडे. बाजारात मिळणारा साधा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा एवढ्यावर घरातल्या मुलांना हे दाखवता येईल.

गझनी, आणि फळीचा चतुर्थांश

१०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकलं आणि तिथल्या विद्वानांना आपल्या राजधानीत नेलं. इब्न सिना आधीच निसटले होते. बिरुनी आणि त्यांचे उस्ताद अबू नस्र गझनीला गेले. ते पाहुणे होते की कैदी, हे सांगणं कठीण. सुलतानाची मर्जी सांभाळत राहावं लागे, एवढं मात्र स्पष्ट आहे.

१०१८ च्या ऑक्टोबरात ते काबूलजवळच्या एका गावात होते. मन थाऱ्यावर नव्हतं. हाताशी एकही यंत्र नव्हतं. तरी त्यांना त्या जागेचे अक्षांश हवे होते. मग हिशेब करायच्या फळीच्या मागच्या बाजूला त्यांनी अंशांच्या खुणांची कमान आखली, ओळंबा लावला आणि त्यावर सूर्याची उंची मोजली. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तसाच ओळंबा. साधन नाही म्हणून काम थांबवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

याच काळात त्यांनी शहरांच्या जागा निश्चित करण्यावरचा आपला थोर ग्रंथ हाती घेतला. तो ४१६ हिजरीत, म्हणजे १०२५ मध्ये पुरा झाला. सवाल साधा होता : गझनीहून किब्ला नेमका कुठे? त्यासाठी गझनीचे रेखांश हवेत. ग्रहणाची वाट बघत बसता येत नव्हतं. म्हणून त्यांनी बगदादपासून गझनीपर्यंत मधली शहरं जोडत जोडत हिशेब केला. प्रत्येक टप्प्याला दोन गावांचे अक्षांश आणि काफिल्यांचं रस्त्याचं अंतर घ्यायचं. रस्ते वळणावळणाचे असतात म्हणून त्या अंतरातून काही हिस्सा वजा करायचा, मग गोलाच्या भूमितीने रेखांशातला फरक काढायचा.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. तोच हिशेब दुसऱ्या मार्गाने केला, तिसऱ्या मार्गाने केला. आकडे थोडे वेगळे आले तर ते का वेगळे आले हे तपासलं. शेवटी बगदाद आणि गझनीमधला फरक त्यांनी सुमारे २४ अंश २० कला ठरवला. आजच्या मोजणीशी ताडून पाहिलं तर चूक अर्ध्या अंशापेक्षाही कमी निघते. त्यानंतर किब्ल्याची दिशाही त्यांनी एकापेक्षा अधिक पद्धतींनी काढून दाखवली. दीनची एक गरज आणि गणित यांच्यात त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

हिंदुस्थानच्या डोंगरावर

महमूदच्या फौजांबरोबर बिरुनी पंजाबात आले. मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे, आज तो पाकिस्तानात येतो. तिथे शेजारी मोकळं सपाट मैदान आणि वर डोंगर, अशी हवी तशी जागा मिळाली. त्यांनी खालून दोन ठिकाणांवरून नजर लावून डोंगराची उंची काढली, ती भरली सुमारे ६५२ हात. मग वर चढून पाहिलं. क्षितिज डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली दिसतं, तो कोन त्यांनी मोजला : ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाच्या थोडा वर. उंची आणि हा कोन एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या निघते.

ही युक्ती आपली नाही, खलिफा मामूनच्या काळातल्या सनद इब्न अली यांच्या नावावर ती आहे, हे त्यांनी स्वतः नोंदवलं. आपलं उत्तर मामूनच्या काळातल्या मोजणीजवळ येतं हे दिसल्यावर त्यांनी त्या जुन्या मोजणीलाच मान दिला, कारण तिच्यासाठी वापरलेली साधनं अधिक बारीक होती.

मामूनच्या काळातल्या त्या आकड्याचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. एका अंशाला सुमारे ५६ अरबी मैल, असं ते माप होतं. बिरुनींनंतर साडेचारशे वर्षांनी कोलंबसने तोच आकडा उचलला, पण मैल धरला रोमन, जो बराच लहान. परिणामी त्याच्या हिशेबात पृथ्वी जवळजवळ चतुर्थांशाने लहान झाली आणि आशिया अगदी जवळ भासला. आकडा बरोबर होता, एकक चुकलं.

बिरुनी संस्कृत शिकले, पंडितांकडे बसले, ग्रंथ वाचले आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरचं आपलं पुस्तक पूर्ण केलं. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली आणि लोकांच्या मनात मुसलमानांविषयी तीव्र कटुता भरली, हे त्यांनी त्याच पुस्तकात लिहिलं. महमूद नुकताच वारला होता आणि लिहिणारा गझनीतच राहत होता, हे ध्यानात घ्या.

आपल्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. रस्त्यांच्या वर्णनात मरहट्टदेशाचं नाव येतं, गोदावरी येते, आणि कोकण व समुद्रकाठची त्याची राजधानी ठाणे यांची अंतरं फरसखांत दिलेली आहेत. बिरुनी स्वतः इतक्या दक्षिणेला आले नव्हते. पंजाबच्या ज्या गावांचे अक्षांश आपण स्वतः मोजले ती गावं त्यांनी नावानिशी दिली आणि त्यापलीकडे आपण गेलो नाही, हेही सांगून टाकलं. बाकीचं ऐकीव आहे, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

शून्य कुठे धरला?

महमूदनंतर मसूद गादीवर आला आणि बिरुनींना थोडा आराम मिळाला. त्याला अर्पण केलेल्या खगोलाच्या महाग्रंथात सहाशेहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत. असं सांगतात की सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीभर चांदी पाठवली आणि बिरुनींनी ती परत केली.

असे तक्ते करताना एक मोठी डोकेदुखी होती. रेखांश मोजायला शून्य कुठून धरायचा? कुणी पश्चिम समुद्रातल्या बेटांपासून मोजत, कुणी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून. दोन्हींत दहा अंशांचा फरक. हिंदी ज्योतिषी लंका-उज्जैनची रेघ धरत. अरबी लिपीत उज्जैनचं उझैन झालं आणि एक नुक्ता गळाला तसं त्याचं अरीन झालं. मग अरीन नावाची वेगळीच जागा पुस्तकांतून फिरत राहिली. नक्कल करणाऱ्याने एका तक्त्यातून दहा गावं आणि दुसऱ्यातून दहा गावं घेतली की सगळी गल्लत. प्रत्येक आकडा आपल्या जागी खरा, पण एकत्र ठेवले की खोटे. म्हणून आकडा घेण्याआधी तो कुठल्या शून्यापासून मोजला हे विचारणं, ही बिरुनींची सवयच झाली होती.

आजच्या पडद्यावर तेच घोटाळे

आता मोबाइल हाती घ्या. मशिदीची किंवा जमातीची वेबसाइट करणारी आपली मुलं अनेक ठिकाणी आहेत. नकाशा टाकतात आणि काहीतरी चुकतं. जे चुकतं ते बहुतेक वेळा याच जुन्या घोटाळ्यांपैकी एक असतं. त्यांच्यासाठी काही गोष्टी क्रमाने मांडतो.

पहिलं, आकड्यांचा क्रम. काही प्रणालींत आधी अक्षांश लिहितात, काहींत आधी रेखांश. मुंबई म्हणजे अक्षांश १९, रेखांश ७३ च्या जवळ. उलट लिहिलं तर मुंबई नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन बसते. खूण तिथे दिसली की समजायचं, आकडे उलटे पडलेत.

दुसरं, एकक. जीपीएस अंशांत जागा सांगतो. वेबवरचा मर्केटर नकाशा आत मीटरमध्ये मोजतो. या दोन पद्धतींना क्रमांक आहेत, ४३२६ आणि ३८५७. अंशांना मीटर समजलं तर अख्खा महाराष्ट्र आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, शून्य अक्षांश-शून्य रेखांशाजवळ, काही मीटरच्या ठिपक्यात गोळा होतो. कोलंबसच्या मैलाची ही धाकटी बहीण.

तिसरं, रेघ. नकाशावर दोन बिंदू जोडले की साधारणपणे कागदावरची सरळ रेघ मिळते. गोलावरची सर्वांत जवळची वाट हवी असेल तर रेघ जिओडेसिक करण्याची सोय वेगळी निवडावी लागते. ती निवडली की मुंबई-मक्का रेघ उत्तरेकडे किंचित फुगलेली दिसते. ती वाकडी दिसते म्हणून घाबरू नका, बरोबर तीच आहे.

चौथं, ब्राउझर. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत नसेल तर आजचे ब्राउझर जागा सांगतच नाहीत. आयफोनवर दिशा कळण्यासाठी आधी बटण दाबून परवानगी द्यावी लागते, ती दिली नाही की काटा हलत नाही. काही अँड्रॉइड फोनांत ब्राउझर दिशेचा शून्य उत्तरेपासून धरत नाही, फोन त्या क्षणी जसा असेल तिथून धरतो. म्हणून एकाच घरात एकच पान दोन फोनांवर दोन किब्ले दाखवतं. शून्य कुठे धरला, हा प्रश्न इथेही आहेच. जीपीएस नसलेला संगणक तर इंटरनेटच्या जोडणीवरून अंदाज करतो आणि कधी कधी भलतंच शहर दाखवतो.

पाचवं, लोखंड. चुंबकाचं कव्हर, लोखंडी ग्रिल, स्लॅबमधल्या सळ्या यांनी काटा भरकटतो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे आपल्याकडे तो फारसा नडत नाही. लोखंड मात्र नडतं.

आणि ज्यांना मोबाइलच नको, त्यांच्यासाठी सूर्य आहे. दरवर्षी २८ मे च्या सुमारास (लीप वर्षात २७ मे) आणि १५-१६ जुलैला सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर येतो. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसी यांनी याचा उपयोग लिहून ठेवला आहे. भारतीय वेळेनुसार मेमध्ये तो क्षण दुपारी सुमारे २ वाजून ४८ मिनिटांनी येतो, जुलैमध्ये सुमारे २ वाजून ५७ मिनिटांनी. त्या क्षणी सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली किब्ल्याच्या बरोबर उलट दिशेला पडते. जुलैत आपल्याकडे पावसाचे ढग, म्हणून मे महिनाच पकडावा.

मेहराब आणि हिशेब यांत काही अंशांचा फरक निघाला तर नमाजचा मसला आपल्या आलिमांना विचारावा. फिकहमध्ये त्याची तपशिलात चर्चा झालेली आहे. आपलं काम एवढंच की त्यांच्यासमोर खात्रीचा आकडा ठेवायचा आणि तो कसा काढला हेही सांगायचं. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं अशा बुजुर्गांनी चांगल्या नियतीने भिंत उभी केली, तिच्यावर ओरडत सुटण्याआधी मोबाइलचा काटा दोनदा तपासावा.

अखेरचा मसला

बिरुनी गझनीतच थकले. वयाच्या साठीनंतर त्यांनी आपल्या लेखनाची यादी केली, तीत शंभराहून अधिक नावं भरली. नंतरही ते लिहीत राहिले, औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ शेवटच्या वर्षांतला. त्यांचं बहुतेक लेखन आज हरवलेलं आहे. मृत्यूचं साल सहसा १०४८ देतात.

त्यांच्या अखेरच्या दिवसाची एक हकीकत जुन्या चरित्रकारांनी दिली आहे. एक फकीह त्यांना भेटायला आले. श्वास लागलेला होता. तशा अवस्थेत बिरुनींनी वारशाच्या हिशेबातला एक अवघड मसला काढला, ज्याविषयी त्यांची पूर्वी कधी चर्चा झाली होती. पाहुण्यांना कीव आली, या हालतीत हे कशाला, असं त्यांनी विचारलं. बिरुनींचं म्हणणं होतं की हा मसला कळून दुनिया सोडणं, न कळता सोडण्यापेक्षा बरं. मग त्या दोघांनी तो मसला पूर्ण केला. फकीह घराबाहेर पडून रस्त्यावर पोहोचतात तोच आतून रडण्याचा आवाज आला.

अल्लाह त्यांच्यावर रहमत करो, आणि आपल्या मुलामुलींना असं विचारण्याची आणि असं मोजण्याची तौफीक देवो.